नस काढली, मग दुखतंय काय?

मंडळाच्या या अंकासाठी मी खरे तर चकलीच्या भाजणीवर लिहायचे कबूल केले होते. पण ज्या दिवाळीसाठी ती भाजणी केली, त्या दिवाळीत मला एकही चकली धड खाता आली नाही. ते का, हे ऐकल्यावर भाजणी राहू दे, हेच लिही, असे संपादकांचे म्हणणे पडले. तेव्हा वाचकहो, भाजणी पुढच्या अंकात. या वेळी दाढ.

गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी वसुबारस ९ नोव्हेंबरला, गुरुवारी होती. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस खालची डावी दाढ मला छळत होती. आधी गार पाण्याने झिणझिणायची, मग गरम चहाने दुखायला लागली. चहा खाली ठेवला तरी दुखणे अर्धा अर्धा तास जाईना. बुधवारी रात्री तर आडवे पडले की ठणका सुरू. उठून बसावे, गार पाण्याचा घोट त्या बाजूला धरावा, की जरा बरे. पहाटेपर्यंत मी असे पाण्याचे तांबे रिचवले. आमचे हे म्हणाले, "आता डॉक्टरकडे जायचं की विहीर खणायची?"

सकाळी फोन केला आणि दुखते आहे म्हटल्यावर त्याच दिवशी या म्हणाले. फ्राऊ डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो दाताला लावला, अवजाराच्या दांड्याने एकेका दातावर टकटक केली, एक्स-रे काढला आणि सांगितले, आतली नस सुजलेली आहे, ती आता मागे फिरणार नाही. एक तर नस काढायची, नाहीतर दाढ. मी म्हटले, नस.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ते आपल्या फ्रांकफुर्टकरांच्या शेजारचेच आहे. मला जे बधिर करायचे इंजेक्शन दिले त्यातले औषध आर्टिकेन. ते इथल्याच होएख्स्टच्या कारखान्यातले, १९७६ पासून जर्मनीत वापरात आहे. त्याच्या आधीचे नोव्होकेनही होएख्स्टनेच १९०५ साली बाजारात आणले. ते म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी शोधले होते. मूळची होएख्स्ट कंपनी त्या नावाने १९९९ नंतर उरली नाही, पण आमच्या ह्यांची एस-बान रोज त्या स्टेशनात थांबते, आणि इतकी वर्षे मला ते फक्त गाडी बदलायचे ठिकाण वाटत होते. एक्स-रेचेही तसेच. व्युर्त्सबुर्गच्या रोंटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस शोध जाहीर केला आणि दोनच आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दाढांचे चित्र काढले. त्यासाठी ते पंचवीस मिनिटे हलता न येता पडून होते. मला सेकंदही लागला नाही आणि तरी मी कुरकुरले.

असो. तासभर तोंड उघडे ठेवून झाले. दाताभोवती रबराचा पडदा, आत बारीक तारा, मधूनमधून यंत्राचे पीं पीं. त्या यंत्राने मुळाची लांबी मोजतात, आणि त्यासाठी आधी एका कागदावर सही घेतली होती, कारण कासे सगळ्याचे पैसे देत नाही. (दाढेच्या नसेचे काम कासे काही अटींवरच भरते. कागदावर किती युरो आणि कशाचे, हे खुर्चीवर बसायच्या आधी विचारून घ्यावे. तोंडात कापूस गेल्यावर घासाघीस होत नाही.) शेवटी तात्पुरते सिमेंट भरले, आयबुप्रोफेन ६०० चे रेत्सेप्ट दिले, आणि दोन-तीन दिवस दुखेल, न राहवल्यास फोन करा, असे सांगून मला घरी पाठवले. ओठ लोंबत होता, पण मी आनंदात होते. नस गेली, आता दुखेल कशाने?

संध्याकाळी सहाला इंजेक्शन उतरले आणि दाढ दुखायला लागली.

मला आधी राग आला. नस काढायचे पैसे दिले, सही दिली, आणि दुखणे तसेच! मनात नको नको त्या शंका. दुसऱ्याच दाताची काढली की काय? अर्धी राहिली की काय? वाचकहो, हे सगळे मला कोणी त्या रात्री सांगितले असते तर मी शांत झोपले असते, म्हणून तुम्हाला सांगते. सोमवारी फ्राऊ डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावले ते असे.

दाढ म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. तिची मुळे आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांची एक पातळ गादी असते. दाताच्या आतली नस काढली तरी त्या गादीतल्या नसा जिवंतच असतात, आणि आपण घास चावतो तेव्हा किती जोर लागला हे त्याच सांगतात. तारा मुळाच्या टोकापर्यंत फिरलेल्या, आत सोडियम हायपोक्लोराइटने धुतलेले (कपड्यांच्या ब्लीचमध्ये असते तेच द्रव्य), थोडा चुरा टोकाशी गेलेला. त्यामुळे टोकापाशी सूज येते. बोट सुजले तर फुगायला जागा असते. इथे चहूबाजूंनी हाड. मग दाढ केसभर वर उचलली जाते, दात मिटले की सगळ्यांच्या आधी तीच लागते, आणि लागली की दुखते. शिवाय तासभर ताणलेल्या जबड्याचे स्नायू आणि इंजेक्शनची जागा दुखते ती वेगळीच. हे दुखणे पहिले एक-दोन दिवस जास्त असते, मग रोज थोडे थोडे उतरते. चावताना हळवे वाटणे आठवडाभर, कधी त्याहून जास्तही राहू शकते. त्याने काम बिघडले असा अर्थ होत नाही. पण गरम-गारमाने पूर्वीसारखी कळ यायला लागली तर मात्र विचारावे. कदाचित मुळातली एखादी वाट सापडायची राहिली असेल (दाढेला तीन-चार वाटा असतात), किंवा दुखणारा दात शेजारचा असेल.

शुक्रवारी सकाळी प्राक्सिसमधून फोन आला. कशा आहात? मी म्हटले, "एस गेट."

इथेच माझी चूक झाली. आपल्याला लहानपणापासून शिकवलेले, कोणी विचारले तर "बरं आहे" म्हणावे. माझे वडील सांगलीला असताना अख्खा आठवडा दाढेत लवंग धरून आणि गालाला मफलर बांधून शाळेत शिकवायला जात. कोणी विचारले की "काही नाही, जरा थंडी" म्हणत. चाळिशीच्या आत त्यांच्या चार दाढा गेल्या. तो वारसा मी जर्मनीत चालवत होते. "एस गेट" म्हणताना माझ्या मनात होते, चाललंय बाई कसंबसं. पलीकडच्या मुलीने ऐकले, चाललंय. तिने "फाइन" म्हणून वीकएंडच्या शुभेच्छा दिल्या आणि दुपारी बाराला प्राक्सिस बंद झाले ते सोमवारपर्यंत.

शुक्रवारी धनत्रयोदशी. रात्री सांगलीला वहिनींचा फोन. त्या म्हणाल्या, "अगं, इथे तर लगेच अँटिबायोटिकचा कोर्स देतात. तुमच्याकडे दिला नाही? मग उतरणार कसं?" झाले, नवा किडा. शेजारच्या बाईंकडे नोव्हालगिनचे थेंब होते, त्या म्हणाल्या घेऊन जा. घरात लवंगेचे तेल होते, ते कापसावर लावून पाहिले. हिरडी भाजली, पण दुखणे होते तिथेच, कारण नस गेलेल्या आणि सिमेंटने बंद केलेल्या दातात ते तेल जाणार कुठून? आणि शेवटी बॅगेतले कॉम्बिफ्लाम आठवले. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक डबा असतो. त्यात भारतातून आणलेल्या पट्ट्या, निम्म्यांची तारीख उलटलेली, आणि तरी "आपलंच औषध लागू पडतं" अशी श्रद्धा. मी फ्राऊ डॉक्टरांची ६०० ची गोळी दिवसाला तीन घेत होतेच. त्यात शुक्रवार रात्रीपासून आठ-आठ तासांनी कॉम्बिफ्लाम सुरू केली. दोन वेगवेगळी औषधे, असा माझा हिशोब.

शनिवारी दुपारी आपोटेके बंद होण्याआधी मी नोव्हालगिन मागायला गेले. तिथल्या बाईंनी आधी सांगितले की ते रेत्सेप्टशिवाय मिळत नाही. हेही होएख्स्टचेच बाळ, १९२२ चे. पण त्याने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होऊ शकतात म्हणून १९८७ पासून इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देतात. शेजाऱ्यांचे थेंब घ्यायचे नाहीत ते म्हणून. मग त्यांनी विचारले, सध्या काय काय घेता? मी पर्समधून पट्टी काढून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "हे तुम्ही ६०० च्या बरोबर घेता?"

कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. पट्टीवर लिहिलेले असते. मी वीस वर्षांत एकदाही वाचले नव्हते. त्यांनी कागदावर बेरीज केली: सहाशे त्रिक अठराशे, चारशे त्रिक बाराशे, एकूण तीन हजार. डॉक्टरांच्या देखरेखीखालीसुद्धा दिवसाला २४०० च्या वर जात नाहीत, आणि चिठ्ठीशिवाय स्वतःच्या मनाने घेताना १२०० च. मग त्यांनी विचारले, आणखी काही रोजचे औषध? मी म्हटले, रक्तदाबाची रामिप्रिल.

त्या बाईंचा चेहरा बदलला तो मला अजून दिसतो. आयबुप्रोफेन आणि तसली रक्तदाबाची गोळी एकत्र, तेही एवढ्या प्रमाणात, याचा भार मूत्रपिंडावर पडतो. रक्तदाबही वर जाऊ शकतो. मला खुर्चीवर बसवून त्यांनी दाब मोजला. चांगलाच चढला होता. पोटात आदल्या रात्रीपासून जळजळत होते, ते मी फराळाच्या तेलावर ढकलले होते. दंतवैद्यांना रामिप्रिल माहीतच नव्हती, कारण त्यांच्याकडचा आजारांचा फॉर्म मी चार वर्षांपूर्वी भरलेला, आणि गोळी सुरू होऊन दोनच वर्षे झालेली. त्यानंतर दर वेळी "काही बदल?" या प्रश्नाला मी "नाइन" म्हणत आले होते. दातांच्या डॉक्टरला रक्तदाबाशी काय करायचंय, असे वाटायचे.

त्यांनी सांगितले, आयबुप्रोफेन आजपासून बंद, कुठल्याही नावाचे. पॅरासिटामॉल चालेल, प्रौढाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चार हजारांच्या वर कधीही नाही, आणि कॉम्बिफ्लाममधले ३२५ सुद्धा त्या हिशोबात धरायचे. पाणी भरपूर प्यायचे. लघवी कमी झाली, शौचाला काळे झाले किंवा पोटात जोराने दुखले तर सोमवारची वाट बघायची नाही. घरी आल्यावर आम्ही दोघांनी तो डबा ओट्यावर उलटा केला. कॉम्बिफ्लाम, नुरोफेन, डोलोर्मिन, ब्रुफेन: चार नावे, आणि चौघांच्या पोटात आयबुप्रोफेन. क्रोसिन आणि बेन-उ-रॉन: दोघांत पॅरासिटामॉल. ह्यांनी मार्करने प्रत्येक पट्टीवर देवनागरीत आतल्या औषधाचे नाव लिहिले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे ही वहीपूजा झाली. (आयबुप्रोफेन वाईट औषध आहे असे मी म्हणत नाही. दाताच्या सुजेवर ते चांगले चालते, म्हणूनच डॉक्टरांनी दिले होते. पण दमा, अल्सर, मूत्रपिंडाचे दुखणे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा दिवस गेलेले असतील तर आधी विचारायलाच हवे.)

रविवारी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. मी अनारशाचा तुकडा उजव्या बाजूने चघळत बसले. तोवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: ठणका गेला होता. आडवे पडल्यावर दुखत नव्हते, बोलताना दुखत नव्हते. पण वरची दाढ खालच्या दाढेला टेकली की डोळ्यांपुढे चमक. दोन्ही मी "दुखतंय" या एकाच शब्दात गुंडाळत होते.

सोमवारी फ्राऊ डॉक्टरांनी विचारले, "दुखणे कसे आहे?" आणि शब्दांची यादीच दिली. पोखेंड? श्टेखेंड? त्सीएंड? डुम्फ? मी गोंधळले, आणि मग मला हसू आले, कारण मराठीत आपल्याकडे याहून मोठी यादी आहे. ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, शिवशिव, हुळहुळणे, दात आंबणे. आपली आजी यातला प्रत्येक शब्द नेमका वापरायची. आपणच जर्मन बोलायला लागलो की "श्मेर्त्स" एवढ्यावर येतो. ठणका-ठसठस म्हणजे पोखेंड, टोचल्यासारखी सणक म्हणजे श्टेखेंड, ओढ लागल्यासारखे म्हणजे त्सीएंड, जड मंद दुखणे म्हणजे डुम्फ. आणि माझे होते ते, दात मिटताना दुखणे, त्याला शब्द आहे आउफबिस-श्मेर्त्स. मी तो शब्द म्हणताच त्यांनी निळा कागद काढला, कार्बन पेपरसारखा, आणि मला त्यावर दात आपटायला सांगितले. तात्पुरत्या सिमेंटवर एक गडद ठिपका उमटला. भरलेले सिमेंट जरासे उंच राहिले होते. बधिर तोंडाने मला ते गुरुवारी कळले नव्हते. त्यांनी अर्धा मिनिट घासले, पुन्हा कागद, पुन्हा जरा घासले. मी दात मिटले.

दुखले नाही.

चार दिवस आणि दहा-बारा गोळ्या, अर्ध्या मिनिटाच्या कामासाठी! त्या म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी चावताना दुखते एवढे सांगितले असते तर बारापूर्वी बोलावून घेतले असते. मी रामिप्रिलचे सांगितले तेव्हा मात्र त्या रागावल्या, आणि नवा फॉर्म समोर ठेवला.

वहिनींसाठी मी अँटिबायोटिकचेही विचारले. त्यांचे उत्तर सरळ होते: ते जंतूंवरचे औषध आहे, वेदनेवरचे नव्हे. गाल सुजलेला नाही, ताप नाही, मग ते घेऊन दुखणे कमी होत नाही. पण गालावर किंवा जबड्याखाली सूज चढायला लागली, ताप आला, तोंड उघडेना, किंवा उतरायला लागलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढायला लागले, तर थांबायचे नाही. शनिवार-रविवारी प्राक्सिसचा फोन लावला की यंत्रावर दंतवैद्यांच्या नोटडीन्स्टचा पत्ता किंवा नंबर सांगतात. आणि गिळता येईना किंवा श्वासाला अडचण वाटली तर थेट ११२. हे मी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावले आहे. भारतातून आईवडील, सासूसासरे येतात त्यांच्यासाठीही वेगळा कागद करावा. त्यांच्या प्रवासी विम्यात बहुधा फक्त दुखणे थांबवण्यापुरतेच दाताचे उपचार असतात, तेव्हा पॉलिसीतले ते कलम ते विमानात बसण्याआधी वाचलेले बरे. आणि त्यांच्या रोजच्या गोळ्यांची नावे, ब्रँडची नव्हे, आतल्या औषधांची, लिहून आणायला सांगा.

अठरा तारखेला मंडळाचा कार्यक्रम झाला. माझ्या चकल्या सगळ्यांनी खाल्ल्या. "अगदी खुसखुशीत झाल्यात" असे मला सांगण्यात आले. मी डाव्या बाजूने कडक काही चावायचे नव्हते, कारण नस काढलेली, आतून कोरलेली दाढ तडकण्याची भीती असते. म्हणून तिच्यावर पुढे टोपी बसवतात. त्या टोपीसाठी आधी कासेकडे खर्चाचा कागद जातो. दर वर्षी तपासणीचा शिक्का मारलेले बोनसहेफ्ट पाच वर्षांचे सलग असेल तर ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाच्या ६० ऐवजी ७० टक्के, दहा वर्षांचे असेल तर ७५ टक्के मिळतात. हे दर ऑक्टोबर २०२० पासूनचे. माझे दहा वर्षांचे भरले. ह्यांचे हेफ्ट आम्ही घर बदलताना हरवले आणि त्यांना अजून वाटते की त्यांचे दात चांगले आहेत.

टोपी फेब्रुवारीत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलीचा फोन आला, कशा आहात? मी म्हटले, "एक मिनिट हं," आणि फ्रिजपाशी गेले. मग तिला सांगितले: ठणका नाही, गरम-गारमाने काही नाही, पण मागच्या कोपऱ्यात दात मिटताना जरा उंच लागतंय. ती म्हणाली, साडेअकराला याल?